मिठाला पाणी सुटतं तेव्हा

पावसाळा लागला की आमच्या गोव्यातल्या मोरजीच्या घरात आधी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, मग पापड मऊ पडतात. गेल्या आषाढात लॅपटॉपही त्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. सकाळी बटण दाबलं तर दिवा नाही, पंख्याची घरघर नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "तांदळात पुरून ठेव रे." तांदूळ मी जेवणासाठीच ठेवले. त्याचं कारण पुढे येईल.

"लॅपटॉप सुरू होत नाही" हे "अंगात बरं नाही" म्हणण्यासारखं झालं. डॉक्टर विचारणारच, नेमकं काय होतंय? बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत बरीच कामं ठरलेल्या क्रमाने होतात आणि गाडी कुठे अडली यावरून दुखणं कळतं.

बटणाचा निरोप थेट मुख्य प्रोसेसरकडे जात नाही. मधे एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. गावाच्या वेशीवरच्या राखणदारासारखी ती लॅपटॉप बंद असतानाही जागी असते. चार्जर लागला का, झाकण उघडलं का, बॅटरी तापली का, सगळ्यावर तिचं लक्ष. विजेच्या लपंडावात कधीकधी तीच गोंधळते आणि मग बटण कितीही दाबा, आत दादफिर्याद नाही. अशा वेळी चार्जर, माऊस, पेन ड्राइव्ह सगळं काढायचं, बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढायची आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणाऱ्या बारीक भागांमध्ये उरलेली वीज निघून जाते, चिप कोऱ्या पाटीने सुरुवात करते. माझा लॅपटॉप एवढ्यानेच उठला. मी घरात जरा मिरवलोही. आठच दिवस.

बटणाला काहीच उत्तर नसेल तर चार्जरही तपासावा. टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपशी बोलणी झाली की मग वाढवत २० व्होल्टपर्यंत नेतो. फोनचा साधा चार्जर लावला तर ही बोलणी पुढे सरकतच नाहीत. लॅपटॉप महिनोन्महिने कपाटात पडून असेल तर बॅटरी इतकी उतरलेली असते की तिचं संरक्षक सर्किट दार लावून घेतं. मूळ चार्जरवर अर्धा-एक तास ठेवून वाट पाहावी. मात्र बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलं असेल तर चार्जर लावूच नये.

एक गमतीचा प्रकारही आहे. झाकण मिटलं हे बऱ्याच लॅपटॉपना चुंबकावरून कळतं. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आला की तिच्यात आडवा व्होल्टेज तयार होतो, हा एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम त्यामागे आहे. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला किंवा चुंबकाचं कव्हर असलेला फोन जवळ टेकवला की बिचाऱ्याला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि तो झोपी जातो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? मग कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे आणि दुखणं पडद्याचं. पडद्यावर तिरका टॉर्च मारून पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. घरातल्या टीव्हीला केबलने जोडूनही खात्री होते. उलट कॅप्स लॉक गप्प असेल, दिवा ठरावीक वेळा मिचकत किंवा बीप वाजत असेल, तर ती स्वतःच्या तपासणीत सापडलेल्या दोषाची खूण असते. त्यात रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती ठेवणारी पट्टी, सैल झाल्याची तक्रार बरीच आढळते.

डिस्क सापडत नाही असा संदेश आला तर घाईने विंडोज पुन्हा टाकायला बसू नका, आधी आतली माहिती वाचवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच शोधून ठेवा.

आता माझं आठ दिवसांनंतरचं रडगाणं. लॅपटॉप पुन्हा झोपला आणि या वेळी अर्ध्या मिनिटाची युक्ती चालली नाही. म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याने तो खोलून भिंगाखाली धरला. चार्जिंगच्या खाचेजवळ तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक! पाणी तर कधी सांडलं नव्हतं.

आलं होतं ते मीठ. समुद्राच्या वाऱ्यासोबत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कण येतात आणि पंखा ते हवेबरोबर आत ओढतो. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतली वाफ शोषून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. आमच्या आगरवाड्याच्या मिठागरातलं गावठी मीठ पाकिटातल्या मिठाआधी ओलावतं ते म्हणूनच. जुलैत तर इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बोर्डावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर बसला की शेजारच्या दोन तारांमध्ये वीज झिरपू लागते. एका तारेचा धातू विरघळून दुसरीवर झाडाच्या फांद्यांसारखा वाढत जातो आणि शेवटी दोन्ही तारा जोडतो. झालं शॉर्ट सर्किट.

तांदळाचं उत्तर इथेच आहे. तांदळाने ओल ओढली असं धरलं तरी मीठ जागीच राहतं, पुढच्या दमट रात्री पुन्हा ओलं होतं. वर तांदळाची पूड खाचांत शिरते ती वेगळीच.

एसीचाही एक घोटाळा आहे. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २५ अंशांखालच्या वस्तूवर दव धरतं. बावीस अंशांच्या खोलीतून लॅपटॉप थेट पडवीत आणला की चष्म्यावर येतं तसं बाष्प त्याच्या आतही येतं. बॅगेतच ठेवून तासभर बाहेरच्या हवेला सरावू द्यावा, मग सुरू करावा.

दुरुस्तीवाल्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने कळंक काढला, एक सुटा भाग बदलला आणि विचारलं, "ठेवता कुठे?" पश्चिमेच्या खिडकीशी, म्हटलं, समुद्र दिसतो तिथे. तो नुसता हसला. टेबल आता मधल्या खोलीत आलंय. तिथून फक्त काकींची विहीर दिसते.