उंदराचा आपपरभाव

शिकागो विद्यापीठातल्या इनबाल बेन-अमी बार्टल, जाँ डेसेटी आणि पेगी मेसन यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पिंजऱ्यात राहणाऱ्या दोन उंदरांपैकी एकाला त्यांनी अरुंद पारदर्शक नळीत कोंडलं आणि दुसऱ्याला बाहेर मोकळं ठेवलं. नळीचं दार फक्त बाहेरून उघडे, आणि ते कसं उघडायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. मोकळा उंदीर नळीभोवती घिरट्या घाली, ती कुरतडे. काही दिवसांत बहुतेकांना युक्ती साधली. रिकाम्या नळीचं मात्र त्यांना अगत्य नव्हतं. शेजारी चॉकलेटची नळी ठेवली, तर ते दोन्ही उघडत आणि सोबत्यालाही चॉकलेट मिळे. एकट्याने फस्त करायला कुणाची आडकाठी होती?

मोकळ्या उंदराला फक्त सोबत हवी होती, असा आक्षेप आला. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण २०१६ साली याच गटाने उंदरांना चिंता शमवणारं औषध दिलं, तेव्हा ते चॉकलेटचं दार उघडत, सोबत्याचं उघडत नसत. दुसऱ्याची तगमग आपल्याला लागणं, हेच मदतीचं मूळ असावं. हे मूळ माणसापेक्षा, म्हणून कुठल्याही धर्मापेक्षा, फार जुनं आहे असं मला वाटतं. दया धर्माने शिकवली म्हणून आली, हे म्हणणं आता टिकणं कठीण.

मग धर्माने काय केलं? रामेश्वराला न्यायचं गंगाजल एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दया होतीच, ती कुणापर्यंत पोचावी, याची वेस त्यांनी ओलांडली. आणि त्याच धर्माच्या नावाने पाणवठ्यावर माणसांना अडवलं गेलं, हेही आपल्याच मातीत घडलं.

ही वेस जन्माने ठरते का? शिकागोच्या त्याच गटाच्या २०१४ च्या प्रयोगात पांढऱ्या उंदरांनी काळ्या डोक्याच्या अनोळखी जातीला सोडवलं नाही. पण जन्मापासून काळ्या डोक्याच्यांत वाढवलेला पांढरा उंदीर त्यांना सोडवी आणि स्वतःच्या रंगाच्या परक्याला तसाच कोंडलेला ठेवी. इतर पांढऱ्यांना काळ्या डोक्याच्या एकाच उंदराबरोबर दोन आठवडे ठेवलं, तर पुढे त्या जातीच्या कधीही न पाहिलेल्या उंदरासाठीही ते दार उघडू लागले.