चल बैठक (यंत्रांची)

कार्यशाळेतील अवजड यंत्र एका-दोघांच्या बळावर हलवता यावे आणि जागेवर नेल्यावर ते पुन्हा जमिनीवर पक्के बसावे, यासाठी त्याच्या तळाशी जोडलेली चाकांची आणि पायांची चौकट. यंत्राला कायमची जोडलेली चौकट, गरजेपुरती खाली सरकवायची चाकी गाडी आणि हवेच्या थरावर तरंगणारी बैठक असे तिचे प्रकार मानतात. पहार, रूळ, जॅक, हँड पॅलेट ट्रक ही साधने तिच्या जवळची आहेत. पण ती यंत्राचा भाग नसल्याने येथे त्यांचा उल्लेख संदर्भापुरताच आहे. व्याख्येचा उत्तरार्ध, म्हणजे पुन्हा पक्के बसणे, अनेक वर्णनांतून गळतो. प्रस्तुत नोंदीत तो मुख्य मानला आहे, कारण चाकांवर उभे ठेवूनच चालवलेले यंत्र थरथरते, सरकते आणि काम बिघडवते.

इतिहास : जड वस्तू हलवण्याचे जुने पुरावे रुळांचे आहेत की घसरगाडीचे, याबद्दल मतभेद आहेत. ईजिप्तमधील देर अल्-बर्शा येथील जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रात (इ. स. पू. सु. 1900–1850) प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जात असून एक जण गाडीपुढे पातळ पदार्थ ओतताना दिसतो. काहींना हा धार्मिक विधी वाटतो, तर काहींना वंगणाचा उपाय. योग्य प्रमाणात ओलावलेल्या वाळूवर ओढण्याचा जोर निम्म्याच्या आसपास येतो, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे दुसरा अर्थ अधिक पटण्याजोगा आहे. निनेवे येथील ॲसिरियाचा राजा सेनाखेरिब याच्या राजवाड्यातील शिल्पपटांत (इ. स. पू. सातव्या शतकाचा आरंभ) मानवमुखी बैलाचा पुतळा घसरगाडीवर चढवून दोरांनी ओढला जातो व मागून तरफ लावली जाते. तेथील लाकडी ओंडके रूळ म्हणून होते की वाटेवर अंथरलेले, हे चित्रावरून नक्की सांगता येत नाही.

गोल घटकांवर भार वाहण्याचे निःसंशय आणि भव्य उदाहरण त्या मानाने अलीकडचे आहे. सेंट पीटर्झबर्ग येथील पीटर द ग्रेटच्या पुतळ्याच्या चबुतऱ्यासाठी 1769–70 मध्ये एक ग्रॅनाइट शिळा हलवण्यात आली. तिचे वजन सु. 1,250 टन किंवा त्याहून अधिक सांगितले जाते. मारिनोस कारबुरिस या ग्रीक अभियंत्याच्या योजनेनुसार धातूचा पत्रा लावलेल्या खोबणींत काशाचे गोळे ठेवून त्यांवरून ती पुढे नेली. गोळे मागून उचलून पुढे मांडावे लागत. रूळ वापरतानाही हेच करावे लागते. चाकाला आस मिळाला की हा खटाटोप संपतो. बैठकीतील चाकाचा रुळावरील खरा लाभ तोच आहे.

यंत्र हलवण्याची कल्पना कारखान्यांत उशिरा रुजली, यामागे शक्तिप्रेषणाचे कारण दिसते. एकोणिसाव्या शतकात छताजवळून जाणाऱ्या एकाच लांब दंडावरून पट्ट्यांनी सर्व यंत्रे फिरत. यंत्राची जागा दंड ठरवी. ते हातभर सरकवले तरी पट्टा बसेनासा होई. शतकाच्या अखेरीपासून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विद्युत् चलित्र मिळू लागले, तेव्हा यंत्र कोठेही ठेवणे शक्य झाले.

भिंगरीसारख्या फिरणाऱ्या चाकाचा, म्हणजे कॅस्टरचा, उगम वादग्रस्त आहे. लोकप्रिय याद्यांत त्याचे श्रेय डेव्हिड ए. फिशर यांच्या 1876 च्या अमेरिकी पेटंटला दिले जाते. मात्र अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या इंग्लिश फर्निचरला चामड्याच्या चकत्यांची व पुढे पितळी चाकांची कॅस्टर बसवलेली आढळतात. तेव्हा फिशर यांचे पेटंट सुधारणेचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याने त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही.

लोटण-रोध : चाक फिरत जाताना होणाऱ्या विरोधाला लोटण-रोध म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल ओग्युस्तँ द कुलाँ यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी रुळांवर प्रयोग करून तो भाराच्या सम व त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे मांडले. पुढील शतकात फ्रान्समध्ये यावरून मोठा वाद झाला. झ्यूल द्यूप्युई यांनी 1837 मध्ये तो व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो असे प्रतिपादन केले. आर्थर मोरँ यांनी आपल्या विस्तृत प्रयोगांच्या आधारे कुलाँ यांची बाजू घेतली. वाद दिसतो तितका पुस्तकी नाही. चाकाचा व्यास दुप्पट केल्यास रोध मोरँ यांच्या नियमाने निम्मा होतो, द्यूप्युई यांच्या नियमाने मात्र सु. 71 टक्केच उरतो. चाक आणि पृष्ठभाग यांचे द्रव्य बदलले की व्यासाचा घातांकही (मोरँ यांच्या नियमात एक, द्यूप्युई यांच्या नियमात अर्धा) बदलतो, अशी आजची साधारण समजूत आहे. व्यवहारात मोरँ यांचे सूत्र सोपे म्हणून वापरले जाते आणि बैठकीच्या आखणीसाठी ते पुरते.

रोध का होतो, याचे उत्तरही बदलत गेले. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी 1870 च्या दशकात स्पर्शपृष्ठावरील सूक्ष्म घसरणीला कारण मानले. डेव्हिड टेबर यांनी 1950 च्या दशकात दाखवले, की वंगण लावूनही लोटण-रोध फारसा घटत नाही. म्हणून मुख्य कारण दबून पुन्हा फुलणाऱ्या द्रव्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेत शोधावे लागते. हे मत आता सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. रबरी चाक जड का जाते आणि नायलॉनचे किंवा बिडाचे हलके का जाते, हे त्यावरून समजते. पॉलियुरेथेनचे चाक या दोहोंच्या मधले असून फरशीला जपते व आवाजही कमी करते.

एक उदाहरण पुरेसे आहे. यंत्र व चौकट मिळून 350 किग्रॅ. भार आहे आणि बिडाच्या तळाचा फरशीशी घर्षणांक 0.4 धरला, तर ते घसरत नेण्यास सु. 140 किग्रॅ. भाराइतका जोर लागेल. 100 मिमी. व्यासाची चाके लावून रोधाची भुजा (भाराला तिने गुणून चाकाच्या त्रिज्येने भागले की रोध मिळतो) 1 मिमी. मानल्यास हाच जोर सु. 7 किग्रॅ. भाराइतका होतो. चाक हलू लागताना मात्र तो याहून बराच जास्त असतो, कारण उलट दिशेला वळून थांबलेली कॅस्टर आधी फिरावी लागतात.

तरीही बैठकीची खरी परीक्षा सपाट फरशीवर होत नाही. ती कोब्याच्या फटीवर आणि उंबरठ्यावर होते. 5 मिमी. उंचीची पायरी ओलांडण्यास चाकाच्या आसाशी लागणारा आडवा जोर त्या चाकावरील भाराच्या 50 मिमी. व्यासासाठी 75 टक्के, 100 मिमी. साठी सु. 48 टक्के व 150 मिमी. साठी सु. 38 टक्के येतो. फर्निचरची छोटी चाके यंत्राला लावणे चूक का, ते या तीन आकड्यांत आहे. बारीक धातूचा कीस किंवा एखादा स्क्रूही चाकासाठी पायरीच असतो.

रचना : चार चाकांच्या ताठ चौकटीचे एक चाक खडबडीत जमिनीवर अधांतरी राहू शकते. म्हणून चाक निवडताना एकूण भार चाराने न भागता तिनाने भागण्याचा प्रघात आहे. वरील उदाहरणात प्रत्येक चाकाची क्षमता किमान 117 किग्रॅ., आणि धक्क्यांचा विचार करता 150 किग्रॅ. घ्यावी. तीन चाकांची बैठक कधीच डगडगत नाही, परंतु आधाराचा त्रिकोण लहान असल्याने ती तिरकी कलंडू शकते. उंच खांबाच्या ड्रिल मशीनसाठी ती टाळलेली बरी.

कलंडण्याचा हिशेब सोपा आहे व तो प्रत्येकाने करावा. चौकट 500 मिमी. रुंद आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 1,100 मिमी. उंच असल्यास यंत्र सु. 13 अंश कलताच पडते. कॅस्टरचा स्पर्शबिंदू आपल्या खिळीपासून, म्हणजे ज्या उभ्या आसाभोवती ते वळते त्यापासून, बाजूला सरकलेला असतो. तो 35 मिमी. आत वळला तर ही मर्यादा 11 अंशांवर येते. चाके यंत्राखाली लावल्यास गुरुत्वमध्य आणखी वर जातो. त्याऐवजी लोखंडी अँगलचे बाहू बाहेर काढून चाके यंत्राच्या बाजूंना बसवावीत आणि तळ जमिनीपासून 10–15 मिमी. वरच ठेवावा. अशाने पायाही रुंदावतो. ढकलताना हात गुरुत्वमध्याच्या खाली ठेवावा, कारण वरून रेटलेले यंत्र चाक अडकताच पुढे झुकते.

दोन स्थिर व दोन फिरती चाके ही नेहमीची मांडणी सरळ वाटेसाठी योग्य असते. दाटीच्या जागेत, जेथे यंत्र आडवे सरकवून भिंतीला लावायचे असते, तेथे चारही फिरती चाके सोयीची पडतात. पण उतारावर ती आवरत नाहीत.

पक्के बसणे : चाकाचा ब्रेक लावला तरी खिळीची ढिलाई आणि चाकाचे दबणे उरतेच. म्हणून चांगल्या बैठकीत पायाने दाबायच्या तरफेने किंवा स्क्रूने चाके वर घेतली जातात व भार समतलन-पायांवर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर, येतो. हे पाय तीन असल्यास मांडणी लवकर जमते. लेथसाठी मात्र आणखी काळजी लागते. त्याच्या बिछान्याला, म्हणजे लांब तळभागाला, किंचित पीळ पडला, तरी दंडगोल कातताना एका टोकाला व्यास वाढतो. हलवल्यावर दर वेळी सूक्ष्म स्पिरिट लेव्हलने दोन्ही टोके तपासावी लागतात. यामुळे अचूक कामाचा लेथ हलता ठेवू नये, असे अनेकांचे मत असून ते रास्त वाटते. करवत यंत्र, पट्टी-करवत, रंधा यंत्र, ड्रिल व धार लावण्याची सान यांना बैठकीचा लाभ सर्वाधिक होतो.

हलत्या यंत्राची वीजतार लवचीक, अर्थिंगसह व चाकाच्या मार्गाबाहेर हवी. हलवण्यापूर्वी प्लग काढावा.

हवाई बैठक : लवचीक चकतीखाली दाबाची हवा सोडून भार पातळ हवेच्या थरावर उचलला जातो. घर्षण अत्यल्प होते व यंत्र कोणत्याही दिशेस सरकते. परंतु फरशी गुळगुळीत व विनाफट लागते. फटीतून हवा निसटताच बैठक खाली बसते.

मानके : ताशी 4 किमी. पर्यंतच्या वेगाने वापरायच्या चाकांच्या आवश्यकता आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) 22883 मध्ये, तर चाचणीच्या पद्धती आयएसओ 22878 मध्ये दिल्या आहेत.

निगा : दीर्घकाळ एकाच जागी भार सोसणारे मऊ चाक चपटे होते, चाके उचलून ठेवल्यास हे टळते. खिळीच्या बेअरिंगमध्ये भुसा व कीस साचून ती जड फिरू लागते. ती साफ करून ग्रीस भरावे आणि चौकटीचे बोल्ट कंपनांनी सैल झाले आहेत का, हे अधूनमधून पाहावे.