शर्यतीचे वजन

शर्यतीचे वजन : लांब पल्ल्याचा धावपटू, सायकलपटू किंवा ट्रायथलॉनपटू ज्या वजनावर सराव आणि स्पर्धा दोन्ही नीट पेलतो आणि त्यापायी आजारी पडत नाही, ते वजन. बोलण्यात ‘रेस वेट’ हाच शब्द रुळला आहे. ‘स्पर्धावजन’ हा पर्याय कुस्तीतील वजनगटाशी घोटाळा करतो, म्हणून येथे टाळला आहे. सातारा-सांगलीकडे हा घोटाळा लवकर होतो, कारण इकडे वजनाची भाषाच तालमीतली. गोळेश्वरच्या (ता. कराड) खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट (५७ किग्रॅ.) गटात. मल्लाला ‘वजनात बसावे’ लागते, तो नियम आहे. धावणाऱ्याला आकडा कोणी घालून देत नाही. तो उसना आणला जातो.

उसन्या आकड्यांत ‘उंची वजा शंभर’ (सेंमी.तील उंचीतून शंभर वजा, उरतील तेवढे किलो) हा सर्वांच्या तोंडी असलेला. त्याचे श्रेय सामान्यतः पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदास देतात. काळ १८७० च्या आगेमागे धरला जातो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत त्याहून जुनी, १८३० च्या दशकातील, बेल्जियन सांख्यिक केटले याची. तिला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अँसेल कीज व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिले. केटले ‘सरासरी माणूस’ शोधत होता, कीज लोकसमूहांचा अभ्यास करत होते. एकट्या खेळाडूचे वजन ठरवणे हा दोघांचाही हेतू नव्हता. तरी आजही जिमच्या भिंतीवर त्याच निर्देशांकाचा तक्ता दिसतो.

आपल्याकडे या निर्देशांकाची आणखी एक अडचण आहे. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत असत, हेही त्यांनी नोंदवले होते. त्यामुळे फरकात वंशाचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे या जोडीवरून ठरत नाही. तरीही काटा आणि चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून स्पष्ट होते. माणदेशी ‘काटकपणा’ या शब्दातही वजनापेक्षा सोसण्याचा अर्थ अधिक आहे.

चरबी मोजण्याच्या पद्धतींचा पाया अमेरिकी नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांच्या पाण्याखालच्या वजनाने (१९४२) घातला. घनतेवरून टक्केवारी काढणारे सिरी यांचे सूत्र चरबीविरहित शरीराची घनता सर्वांची सारखीच धरते. हे गृहीतक प्रत्येकाला लागू पडत नाही. त्वचेची घडी चिमटीत धरून कॅलिपरने मोजणे स्वस्त आहे, पण हात बदलला की आकडा बदलतो. पायाखालून विद्युतप्रवाह सोडणारा घरगुती काटा पाणी प्यायल्यावर वेगळे आणि धावून आल्यावर वेगळे सांगतो. एकाच हाताने, एकाच वेळी, महिन्या-महिन्याने घेतलेले घडीचे माप अधिक उपयोगी मानावे.

वजनाने वेगात किती फरक पडतो? २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा शहरात उतरावे लागते. धावण्याचा खर्च दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी (किलोकॅलरी) धरतात. म्हणजे २१ किमी.ला एक जादा किलो सुमारे २१ कॅलरी खातो. चढ ४०० मी. धरला आणि स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के मानली, तर तोच किलो वर नेण्यासाठी आणखी जेमतेम चार कॅलरी लागतात. ‘वजन फक्त घाटात नडते’ हा समज त्यामुळे अर्धाच खरा. क्युरटन व सहकाऱ्यांच्या १९७८ च्या प्रयोगात अंगावर वजन बांधल्यावर १२ मिनिटांत कापलेले अंतर घटले. मात्र ते बांधलेले ओझे होते. उपाशी राहून घटवलेल्या वजनात स्नायू आणि साठवलेले इंधनही जाते, म्हणून ते निष्कर्ष उलटे फिरवून वापरू नयेत.

खालची मर्यादा खाण्यावरून कळते. ५५ किग्रॅ.च्या धावपटूचे चरबीविरहित वजन ४७ किग्रॅ. आहे, तो रोजच्या भाकरी-आमटीतून २,२०० कॅलरी घेतो आणि १५ किमी. धावून सुमारे ८२५ खर्च करतो असे समजा. उरलेल्या १,३७५ ला ४७ ने भागले की २९ येतात, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे शरीराच्या बाकीच्या कामांसाठी रोज २९ कॅलरी उरतात. अ‍ॅन लॉक्स यांच्या प्रयोगांवरून ३० ही धोक्याची व ४५ ही पुरेशी पातळी रूढ झाली. ते प्रयोग स्त्रियांवरचे होते. पुरुषांची सीमा याहून खाली असावी, असे मत आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जाटंचाईला ‘रेड-एस’ (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट) हे नाव दिले. २०२३ च्या निवेदनात एकाच आकड्यापेक्षा टंचाई किती काळ व किती तीव्र, यावर भर आहे; तोच अधिक ग्राह्य वाटतो. पाळी चुकणे, हाडाला बारीक तडा जाणे, सर्दी-खोकला न हटणे ही तिची लक्षणे. पाळी थांबली की ‘सराव चांगला चाललाय’ असे म्हणणारे प्रशिक्षक अजून भेटतात; हे साफ चूक आहे.

वजन उतरवायचेच तर हळूहळू. नॉर्वेतील २०११ च्या अभ्यासात आठवड्याला ०.७ टक्के उतरवणाऱ्यांनी स्नायू कमावले, १.४ टक्केवाल्यांनी नाही. साताऱ्याची शर्यत पावसाळ्याच्या अखेरीस येते, म्हणजे हे काम उन्हाळ्यात संपले पाहिजे. श्रावणातले उपवास आणि लांब पल्ल्याचा रविवार एकत्र आले की वजन घटते खरे, पण सरावही घटतो. उलट शर्यतीआधी भात-बटाटा वाढवल्यावर काटा किलोभर वर जातो, कारण स्नायूंत साठणारे प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरते. ते वजन घाटात कामाला येते. घाटातल्या सरीत भिजलेल्या बुटांचे मात्र तसे नाही : प्रत्येक बुटाला १०० ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च सुमारे एक टक्का वाढतो, म्हणजे ५५ किग्रॅ.च्या धावपटूला अंगावर अर्धा किलो वाढल्याइतका.