रांग आहे म्हणून रांग वाढते

बेळगावात कुंदा करणारी दुकानं भरपूर आहेत, पण रांग लागते ती दोन-चार ठिकाणीच. परगावचा पाहुणा शेजारचं मोकळं दुकान सोडून रांगेतच उभा राहतो, कारण त्याला चांगल्या मालाची तेवढी एकच खूण दिसत असते. समाजशास्त्रात याला संचयी लाभ म्हणतात. रॉबर्ट मर्टन यांनी 1968 साली वैज्ञानिकांबद्दल हेच मांडलं: काम सारखंच असलं तरी श्रेय नावाजलेल्याच्या पदरात जास्त पडतं.

हे घरी करून बघता येतं. एक फासा, रुंद तोंडाचा डबा आणि सारख्या मापाच्या 300 चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठी म्हणजे गिऱ्हाईक आणि तिच्यावरचा आकडा म्हणजे दुकान. एका चिठ्ठीवर 1 लिहून ती डब्यात टाका आणि फासा फेका. सहा पडले तर नवं दुकान उघडलं: पुढचा आकडा लिहून चिठ्ठी डब्यात. दुसरं काहीही पडलं तर डबा हलवून, न बघता एक चिठ्ठी काढा, तोच आकडा कोऱ्या चिठ्ठीवर लिहा आणि दोन्ही परत टाका. चिठ्ठ्या संपल्या की मोजणी.

साधारण 50 दुकानं निघतील. त्यातल्या निम्म्याहून जास्त दुकानांच्या नावावर एकच चिठ्ठी असेल. पहिल्या दुकानाकडे मात्र, बऱ्याच खेळांची सरासरी धरली तर, सव्वाशेच्या आसपास चिठ्ठ्या जमतात. एकेका खेळात हा आकडा भरपूर वरखाली होतो.

खेळ बिघडतो तो ठरावीक जागी. काढलेली चिठ्ठी परत टाकायची राहते. डबा नीट हलवला नाही तर नव्या चिठ्ठ्या वरच राहतात आणि नवख्या दुकानांना फुकटचा फायदा होतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिठ्ठी काढण्याऐवजी दुकानांच्या यादीतून एक दुकान निवडणं. मग प्रत्येक दुकानाला सारखीच संधी मिळते आणि पहिलं दुकान सरासरी पंचविशीच्या आसपास अडकतं. आधीच्या गर्दीचा हिशेब निवडीतून काढला, की राक्षस तयार होत नाही.

हर्बर्ट सायमन यांनी 1955 साली या प्रक्रियेचं गणित सोडवलं. नवं दुकान उघडण्याची शक्यता 1/6 असेल तर घातांक येतो 1.2. म्हणजे मोठ्या दुकानांमध्ये आकाराची अट दुप्पट केली, की ती पुरी करणारी दुकानं सुमारे 2.3 पट (2 चा 1.2 वा घात) कमी होतात. अट 50 वरून 100 वर न्या किंवा 500 वरून 1000 वर, पट तीच. हाच घातनियम. माणसांच्या उंचीत असं होत नाही, सहा फुटी माणसं भेटतात, बारा फुटी कुठेच नाहीत. बहुचर्चित 80-20, म्हणजे वरच्या 20 टक्क्यांकडे एकूणातला 80 टक्के वाटा, हा नियम नव्हे, घातांक 1.16 असताना येणारा एक आकडा आहे. घातांक 1.5 झाला तर वरच्या 20 टक्क्यांकडे 58 टक्केच उरतात, 2 झाला तर 45.

जिंकणारा कोण, हे मात्र आधी सांगता येत नाही. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006 साली 14 हजारांहून जास्त लोकांना 48 अनोळखी गाणी ऐकवली. काहींना डाउनलोडची संख्या दाखवलीच नाही; बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटातली संख्या दाखवली. प्रत्येक गटात वेगळी गाणी वर आली. अगदी चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, अगदी वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं काहीही होऊ शकलं.

आता आपला जिल्हा. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहर सुमारे 4.88 लाख, गोकाक 79 हजार, निपाणी 63 हजार. शहरांचा ठोकताळा सांगतो, दुसरं शहर पहिल्याच्या निम्मं आणि तिसरं एक तृतीयांश असावं. तसं असतं तर गोकाक 2.44 लाखांचं हवं होतं. संचयी लाभ इथे आहेच: लष्करी छावणी, रेल्वे, महाविद्यालयं, 1998 साली तंत्रशास्त्र विद्यापीठ, 2012 साली सुवर्ण विधानसौध; आधीचं असल्यामुळे पुढचं आलं. पण निव्वळ या आकड्यांवरून नियम मोडला असं म्हणणं घाईचं. जिल्ह्याची हद्द सरकारी आहे, माणसांची ये-जा तिथे थांबत नाही. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, बैलहोंगलकराला धारवाड. ते दोन्ही यादीबाहेर ठेवून केलेली तपासणी कच्चीच.

आकडेवारी हातात असेल तर लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर समान अंतर म्हणजे समान पट) रेघ सरळ दिसली म्हणून खूश होऊ नका. 10 ते 100 एवढ्याच पट्ट्यात बऱ्याच वेगळ्या वितरणांचीही रेघ सरळ भासते. आधी किमान आकार ठरवा. त्याच्या वरच्या प्रत्येक आकड्याला किमान आकाराने भागून नैसर्गिक लॉग घ्या, बेरीज करा आणि आकड्यांच्या संख्येला त्या बेरजेने भागा. हा घातांक. त्यातली संभाव्य चूक म्हणजे घातांक भागिले संख्येचं वर्गमूळ. 25 दुकानांवरून 1.2 आला तर त्यात 0.24 इकडेतिकडे धरा.

फासा बदलून बघण्यासारखा आहे. पाच किंवा सहा पडले तर नवं दुकान, असा नियम केला की शक्यता 1/3 होते, घातांक 1.5, आणि पहिल्या दुकानाची सरासरी सव्वाशेवरून पन्नाशीच्या आसपास येते. गाळ्याची पागडी आणि डिपॉझिट कमी झालं तर खडेबाजारात नेमकी हीच शक्यता वाढते, आणि जुन्या दुकानाच्या कुंद्याची चव तर कुणी बिघडवलेली नसते.