गळू हाय का दुसरंच काही?

परवा कोल्हापुरात गंगावेशीतल्या एका ओळखीच्या पोराचा दंड टम्म सुजलेला. जिममध्ये कुणीतरी दिलेलं इंजेक्शन मारून घेत होता, आणि आईनं वरनं भाजलेला कांदा-हळद बांधलेली. "गळू हाय, फुटलं की मोकळं," म्हणाला. निघालं गळूच, नशीब त्याचं. पण सुया टोचून घेणाऱ्यांत दुसरं एक होतं, नेक्रोटायझिंग फॅसायटिस, कातडीखालची चरबी आणि स्नायूवरचा पडदा सडत जातो, आणि तिथं पोटीस बांधून बसलं तर हात जातो, कधी जीवही.

गळू म्हणजे एका जागी साठलेला पू. लाल, गरम, पिकलं की मध्ये मऊ, बोटानं दाबलं तर आत पाणी हलल्यासारखं लागतं. ठणकतं, पण सूज असेल तिथंच. डॉक्टर चिरा देऊन पू काढतात, माणूस हलका होतो. घरी पिळायचं नाही, एवढंच.

फॅसायटिसचं सगळं उलटं. सुरुवातीला बघायला फार काही नसतं, जरा लाली, जरा सूज, पण माणूस कळवळतोय, आणि लालीच्या बाहेर हात लावला तरी ओरडतोय. दिसतं कमी आणि दुखतं लई, इथंच सावध व्हायचं. सूज लाकडासारखी कडक लागते. त्या पोराच्या दंडावर मी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारली होती, ती लाली रेघेच्या आतच राहिली, यात मात्र ती तासाभरातसुद्धा रेघ ओलांडू शकते (पण एवढं दुखत असेल तर रेघ बघत बसू नका, निघा). पुढं कातडी जांभळी-काळी पडते, फोड येतात, आणि एकदम दुखायचं कमी होतं. घरचे म्हणतात बरं वाटतंय, अहो तिथल्या नसा मेल्यात! नुसत्या अँटिबायोटिकनं हे भागत नाही, सडलेलं तातडीनं कापून काढावं लागतं, बऱ्याचदा परत परत.

ताप नाही म्हणून निवांत राहू नका. २००० साली स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंडमध्ये हेरॉइन मांसात टोचणारे कितीतरी जण क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंनी गेले, त्यातल्या बऱ्याच जणांना ताप फारसा नव्हताच. या जंतूंचे बीजाणू (त्यांचं टणक, झोपलेलं रूप) ड्रग चमच्यात गरम केलं तरी मरत नाहीत.

अशा वेळी १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा करून थेट सीपीआरचा (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) अपघात विभाग गाठा, आणि सुई कुठं, कधी, कशाची टोचली ते डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, "पडलो, खरचटलं" म्हणत बसू नका.