नागासाकी : प्रेक्षणीय स्थळं

नागासाकी हे जपानच्या क्यूशू बेटावरचं जुनं बंदर. नाव काढलं की आपल्याकडे पहिल्यांदा अणुबॉम्बच आठवतो, आणि ते साहजिकच आहे, पण त्याआधी जवळजवळ पावणेचारशे वर्षं हे गाव परदेशी जहाजांवर जगलेलं आहे, म्हणून तिथं बघण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं समुद्रातूनच आलेलं आहे. १५७१ मध्ये पोर्तुगीजांसाठी बंदर उघडलं तेव्हा त्यांची जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत इथं यायची.

आपल्या माणसाने सुरुवात निशिझाका टेकडीपासून करावी, रेल्वे स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून इथं २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं, त्यातला एक होता गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेला. जपानी भाषा चांगली यायची म्हणून फ्रान्सिस्कन मिशनचा दुभाषा म्हणून आलेला माणूस. १८६२ मध्ये या सगळ्यांना संतपद मिळालं, वसईत आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे. टेकडीवर १९६२ चं स्मारक आहे, लांब भिंतीत ब्राँझच्या २६ आकृत्या एका ओळीत, सगळ्यांच्या पायांची बोटं खाली झुकलेली, म्हणजे जमिनीवरून नुकतेच वर उचलले गेल्यासारखे, आणि मधे काही आकृत्या उंचीने लहान दिसतात कारण ती पोरंच होती, सगळ्यात धाकटा १२ वर्षांचा. लोक पटकन फोटो काढून निघतात, तसं करू नये.

देजिमा हे पंख्याच्या आकाराचं बेट माणसांनी भराव टाकून बनवलं, १६३६ मध्ये पूर्ण झालं. आधी पोर्तुगीजांना तिथं ठेवलं, त्यांना हाकलल्यावर १६४१ पासून डचांना. पुढची दोनशेपेक्षा जास्त वर्षं युरोपशी जपानचा व्यापार फक्त या एवढ्याशा जागेतून चालला, डच लोकांना परवानगीशिवाय पूल ओलांडून गावात यायची बंदी होती. आता आजूबाजूला भर घातल्यामुळे समुद्र लांब गेलाय, पण गोदामं आणि घरं जुन्या चित्रांवरून परत बांधलीत आणि २०१७ पासून पुलावरूनच आत जाता येतं. साखर याच वाटेने यायची, त्यामुळे पदार्थ कमी गोड झाला की ‘नागासाकी लांब आहे’ असं म्हणायची तिकडे पद्धत आहे. कास्तेला केक पोर्तुगीजांकडून आला, तो तळाच्या बाजूने नीट बघा, जाड साखरेचे दाणे चिकटलेले असतात आणि खाताना कुरकुरतात.

चिनी व्यापाऱ्यांनी १६२९ मध्ये बांधलेलं सोफुकुजी हे लाल रंगाचं मंदिर माझ्या मते गावातलं सगळ्यात सुंदर. दुष्काळात लोकांना पेज शिजवून वाटायला केलेली भलीमोठी कढई अजून तिथं आहे. जवळच नाकाशिमा नदीवर १६३४ चा दगडी मेगानेबाशी, म्हणजे चष्मा पूल, दोन कमानी आणि पाण्यातली सावली मिळून चष्मा दिसतो. १९८२ च्या महापुरात याचं बरंच नुकसान झालं होतं, मग तेच दगड शोधून दुरुस्त केला. चायनाटाउनमध्ये चांपोन नूडल्स खाऊन पुढे निघायचं.

ओउरा चर्च १८६४ मध्ये बांधून झालं. पुढच्याच मार्चमध्ये उराकामी गावातली काही माणसं आत आली आणि पाद्रीला हळूच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठंय? ख्रिस्ती धर्मावरच्या अडीचशे वर्षांच्या बंदीत पाद्री नसताना त्यांनी धर्म लपवून टिकवला होता. बंदी अजून उठलेली नव्हती, त्यामुळे नंतर त्यांच्यातल्या तीन हजारांवर लोकांना लांब लांब हद्दपार केलं, १८७३ मध्ये ते परत आले आणि स्वतःचं चर्च बांधलं. शेजारीच ग्लोव्हर गार्डन आहे, १८६३ चा स्कॉटिश व्यापाऱ्याचा बंगला, वरून अख्खं बंदर दिसतं.

उराकामीतच ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला, वर्षअखेरपर्यंत साधारण ७४ हजार माणसं गेली. परत आलेल्या लोकांनी बांधलेलं ते चर्च पार कोसळलं, आताचं नवीन १९५९ चं, पण घंटेच्या मनोऱ्याचा तुकडा जिथं घरंगळला तिथंच उतारावर ठेवलाय. सान्नो देवळाची तोरी कमान एका खांबावर उभी आहे, आणि तिथली होरपळलेली कापराची झाडं परत पालवली. पीस पार्क आणि म्युझियमसाठी अख्खा अर्धा दिवस ठेवा, त्याच दिवशी दुसरं काही ठरवू नका.

गुंकांजिमा हे कोळशाच्या खाणीचं ओसाड बेट १९७४ मध्ये बंद पडलं, बोट जाते पण लाटा जास्त असल्या तर उतरू देत नाहीत. संध्याकाळी ३३३ मीटर उंच इनासा डोंगरावर जावं. आणि वसंतात गेलात तर हाता बघा, म्हणजे तिथले लढाऊ पतंग, काचेची पूड लावलेल्या दोऱ्याने काटाकाटी चालते, अगदी आपल्या मांज्यासारखी.