चर्च आणि मैदान: सख्य जन्मजात नव्हतं

अमेरिकन खेळाडू मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसले, की वाटतं, तिथे चर्च आणि खेळ यांचं सख्य पहिल्यापासूनचंच. तसं नाही. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांना, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती वसाहतकऱ्यांना, रविवारी खेळणं म्हणजे पापच वाटे. पेनसिल्व्हेनियात तर रविवारच्या व्यावसायिक बेसबॉल सामन्यांना १९३३ मध्ये कुठे वाट मोकळी झाली!

सूर जुळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, धट्टेकट्टे ख्रिस्ती तरुण घडवायच्या खटपटीतून. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (तरुणांची ख्रिस्ती संघटना) प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. झाला बास्केटबॉल सुरू! टोपल्यांचं बूड शाबूत, त्यामुळे चेंडू काढायला शिडी लागायची. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला खरा, पण चर्चच्या व्यासपीठाऐवजी त्याने व्यायामशाळा निवडली.